यंत्राचे वीस आकडे आणि सात नंबरचा आयर्न

प्रश्न : निवृत्तीनंतर गोल्फ शिकलो. मुलाने यंदा वाढदिवसाला लाँच मॉनिटर घेऊन दिला. अंगणात जाळी आणि मॅट टाकून रोज सकाळी सराव करतो. प्रत्येक फटक्यानंतर मोबाइलवर पंधरा-वीस आकडे येतात. सात नंबरच्या आयर्नने परवा एकदा १५२ यार्ड दाखवले आणि त्याच सकाळी एकदा ११८. मैदानावर मात्र ध्वज १३५ यार्डांवर असला तरी माझा चेंडू बहुतेक वेळा ग्रीनच्या अलीकडेच पडतो. खोटे कोण बोलते, यंत्र की मी? आणि एवढ्या आकड्यांतून शिकायचे तरी काय? – एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन शंका एकमेकींत अडकल्या आहेत. एकाच क्लबच्या फटक्यांत यंत्र चौतीस यार्डांचा फरक दाखवते, तेव्हा त्यावर विश्वास किती ठेवायचा, ही पहिली. विश्वास ठेवलाच, तर या आकड्यांचे करायचे काय, ही दुसरी. पहिली सुटल्याशिवाय दुसरीला हात घालण्यात अर्थ नाही, म्हणून आधी यंत्राकडे वळू. यंत्र खोटे बोलत नाही. मात्र पडद्यावर उमटणारा प्रत्येक आकडा त्याने स्वतः मोजलेला असतो, ही आपली समजूत चुकीची आहे.

लाँच मॉनिटरचे काम चेंडू क्लबवरून सुटतो त्या क्षणाची नोंद घेण्याचे. या यंत्रांच्या दोन जाती आहेत. रडारवाले यंत्र चेंडूच्या मागे ठेवतात. ते सूक्ष्मलहरी सोडते आणि लांब जाणाऱ्या चेंडूवर आपटून परत आलेल्या लहरींची वारंवारता किती उतरली, यावरून वेग काढते. हे तत्त्व ख्रिस्तियान डॉपलरने १८४२ साली मांडले. कॅमेऱ्यावाले यंत्र बहुधा चेंडूच्या शेजारी असते. ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत अनेक छायाचित्रे घेते आणि एका चित्रातून दुसऱ्या चित्रात चेंडू किती सरकला, किती फिरला, हे पाहते. रडारच्या यंत्रांत डेन्मार्कच्या ट्रॅकमनचे नाव सर्वांत मोठे. ही कंपनी २००३ साली सुरू झाली, आणि तिचे तंत्र तोफगोळ्यांचा माग काढणाऱ्या रडारच्या घराण्यातले. दुसरे नाव दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या फ्लाइटस्कोपचे. तिचे जनक हेन्री जॉन्सन यांनी त्याआधी क्रिकेटच्या चेंडूचा वेग मोजणारे यंत्र बनवले होते आणि १९९९ च्या विश्वचषकात ते लंडनच्या ओव्हलवर लागले होते. गोलंदाजाने चेंडू टाकला की पडद्यावर वेग दिसायचा, त्याचेच हे चुलत भावंड.

आता तुमच्या अंगणाचा हिशेब करू. सात नंबरच्या आयर्नने मारलेला तुमचा चेंडू ताशी साधारण १०० मैलांनी सुटतो असे धरू. म्हणजे सेकंदाला ४५ मीटर. जाळी अडीच मीटरवर असेल तर चेंडू तिथे सेकंदाच्या अठराव्या भागात पोचतो. मोकळ्या मैदानात हाच चेंडू पाच-सहा सेकंद हवेत राहिला असता. म्हणजे यंत्राला चेंडू दिसला तो एवढासाच, आणि पुढचे सगळे उड्डाण गणिताने पूर्ण केलेले. पडद्यावरची कॅरी, म्हणजे चेंडू सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचे अंतर, अशा अंगणात कधीच मोजलेली नसते. ती काढलेली असते.

म्हणून पडद्यावरच्या आकड्यांची विश्वासार्हतेनुसार उतरंड लावून घ्यावी. चेंडूचा वेग सर्वांत भरवशाचा. त्याच्याखालोखाल चेंडू जमिनीशी किती अंशांचा कोन करून उठला आणि कोणत्या दिशेने निघाला, हे दोन आकडे. फिरकी, म्हणजे पडद्यावरचा ‘स्पिन रेट’, यंत्रागणिक बदलते. चांगला कॅमेरा ती चित्रातून थेट वाचतो. रडारला मात्र जाळीत चेंडूचे उड्डाण पुरेसे दिसत नाही, म्हणून बरीच यंत्रे खास खुणेचे चेंडू किंवा धातूची टिकली मागतात. ती नसेल तर फिरकीचा अंदाज बांधतात. अंदाजाच्या फिरकीवर आधारलेली कॅरी हा अंदाजावरचा अंदाज झाला. त्याच्याही खाली ‘टोटल’ म्हणजे एकूण अंतर. त्यात चेंडू टप्पा पडल्यावर किती घरंगळेल हेही धरलेले असते आणि त्यासाठी यंत्राने कोणती तरी जमीन मनात धरलेली असते. ती जमीन मे महिन्यातली टणक की ऑगस्टमधली चिखलाची, हे त्याला तुम्ही सांगितल्याखेरीज कळत नाही. तुमच्या मोबाइलवर सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा कॅरीचा आहे की टोटलचा, हे आजच पाहून घ्या. पुष्कळांचा अर्धा गोंधळ एवढ्यानेच मिटतो.

१५२ चे कोडे बहुधा इथेच सुटेल. त्या फटक्याची पूर्ण ओळ उघडा. चेंडूचा वेग नेहमीइतकाच असेल, पण फिरकी मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांऐवजी तीन हजार दिसत असेल, तर यंत्राची वाचण्यात चूक झाली असे समजून ती ओळ खोडून टाका. सात नंबरचा आयर्न मॅटवरून नीट लागला तर फिरकी एकदम निम्म्यावर येत नाही. उलट चेंडूचा वेगही खरोखर वाढलेला असेल, तर फटका उत्तम बसला होता, अभिनंदन. पण त्यावरून ‘माझा सात नंबर १५२ जातो’ असे ठरवू नका. बहुतेक हौशी खेळाडू नेमकी हीच चूक करतात. आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम फटका ते आपले सरासरी अंतर म्हणून लोकांना सांगतात, आणि मैदानावर क्लबही त्याच भरवशावर निवडतात.

मग आपले अंतर कोणते मानायचे? समजा, तुमचे दहा फटके असे आहेत : १३८, १४१, १३६, १५२, १३९, ११८, १४२, १३७, १४०, १२१. यांची सरासरी १३६ येते. पण १३६ हा आकडा तसा कोणाचाच प्रतिनिधी नाही. वरच्या एका आणि खालच्या दोन फटक्यांनी त्याला इकडेतिकडे ओढले आहे. हेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधोमधचा घेतला तर १३८-१३९ मिळतो, आणि दहापैकी सात फटके १३६ ते १४२ या सहा यार्डांत बसतात. याचा अर्थ असा की चेंडू नीट लागला तर तुमची कॅरी बरीच स्थिर आहे, आणि दहात दोनदा तो नीट लागत नाही. ‘सरासरी १३६’ या एका आकड्यात ही गोष्ट पूर्ण दडून गेली असती. म्हणूनच मी आकड्यांची व्याप्ती आधी पाहतो, मधला आकडा नंतर. आणि कृपा करून वाईट फटके खोडू नका. यंत्राची चूक खोडावी, आपली ठेवावी. शिकण्यासारखे जे काही आहे ते त्या ११८ आणि १२१ मध्येच आहे.

आता ११८ ची चौकशी करू. इथे कामाचे आकडे तीनच, आणि ते ठरावीक क्रमाने पाहायचे. आधी चेंडूचा वेग. तो १०० ऐवजी ८८ असेल तर अंतर का घटले ते कळले, पण वेग का घटला ते कळायचे आहे. म्हणून दुसरा आकडा क्लबच्या वेगाचा. तोही घटला असेल तर तुम्ही थकला होता किंवा फटका आवरता घेतला. तो नेहमीसारखा ७६ असेल तर दोष फटक्याच्या जोरात नाही, लागण्यात आहे. ८८ भागिले ७६ म्हणजे १.१६. चांगल्या फटक्याला १०० भागिले ७६ म्हणजे १.३२ येत होते. हा भागाकार पडद्यावर ‘स्मॅश फॅक्टर’ या भारदस्त नावाने दिसतो. क्लबच्या वेगातला किती वेग चेंडूला मिळाला, एवढेच तो सांगतो. तिसरा आकडा उठण्याच्या कोनाचा. तो नेहमीपेक्षा बराच कमी असेल तर चेंडू फेसच्या खालच्या कडेला लागला असण्याचा संभव मोठा.

स्मॅश फॅक्टरविषयी बराच गैरसमज आहे. १.५० हा परिपूर्ण आकडा असे लोकांनी ऐकलेले असते आणि मग ते प्रत्येक क्लबकडून त्याची अपेक्षा धरतात. तो ड्रायव्हरचा आकडा आहे, आणि तो कुठून येतो हे पाहण्यासारखे आहे. ड्रायव्हरचे डोके साधारण २०० ग्रॅमचे असते. चेंडू नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. फेस किती उसळी देऊ शकेल यालाही नियमाची मर्यादा आहे, ती ०.८३ धरतात. टकरीच्या साध्या गणितात १.८३ ला १.२३ ने भागा, उत्तर १.४९ येते. म्हणजे दीडच्या आसपासची ही भिंत निसर्गनियम आणि खेळाचे नियम यांनी मिळून बांधलेली आहे. यंत्र १.५५ दाखवू लागले तर पेढे वाटू नका, क्लबचा वेग चुकीचा मोजला गेला आहे. आयर्नचा फेस वर कललेला असल्याने त्याची काही ताकद चेंडू उचलण्यात आणि फिरवण्यात जाते, त्यामुळे सात नंबरला १.३२ ते १.३७ हे उत्तमच. वेजला तो आणखी कमी असतो आणि असायलाच हवा. आणखी एक मेख आहे. काही स्वस्त यंत्रे क्लबचा वेग मोजतच नाहीत, चेंडूच्या वेगावरून उलटा काढतात. तशा यंत्रावरचा स्मॅश फॅक्टर म्हणजे आपणच लिहिलेले उत्तर आपणच तपासण्यासारखे झाले. तुमचे यंत्र काय मोजते आणि काय काढते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ते पान कंटाळवाणे असते, पण तेवढे वाचाच.

चेंडू फेसवर नेमका कुठे लागला, हे बहुतेक घरगुती यंत्रांना दिसत नाही. त्यावर उपाय अगदी स्वस्त आहे. फेसवर पावडरचा पातळ थर द्या, चेंडूचा ठसा उमटतो. पाच फटके मारा, ठसे पाहा, पुसा, पुन्हा मारा. सतत टोकाकडे ठसा दिसला तर पुढचे पंधरा आकडे वाचायची गरजच नाही, कारण बाकीची सगळी गडबड त्या एका गोष्टीची संतती आहे. हजारो रुपयांच्या यंत्राला चार आण्यांची पावडर पूरक ठरते, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता तुमच्या तक्रारीचा मूळ भाग : अंगणात १३८, मग मैदानावर १३५ सुद्धा का गाठत नाही? संशयित बरेच आहेत, पण मला पहिला संशय मॅटचा येतो. गवतावर क्लब चेंडूच्या दोन बोटे मागे जमिनीत रुतला तर फटका मेला. चेंडू पंधरा-वीस यार्ड आधीच पडतो. मॅटवर तीच चूक झाली तर क्लब आपटून पुढे घसरतो आणि तरीही चेंडूला बऱ्यापैकी लागतो. यंत्र १३४ दाखवते आणि तुम्ही खूश होता. यंत्र इथे चूक करत नाही, मॅट तुमची चूक झाकते. याची परीक्षा सोपी आहे. चेंडूच्या मागे चार बोटांवर एक घडी घातलेला पंचा ठेवा. क्लब पंच्याला लागला तर तो फटका मैदानावर फसला असता असे समजून वहीत खूण करा. दहापैकी चार खुणा झाल्या तर तुमचे कोडे सुटले.

दुसरा संशय चेंडूवर. सरावाचे चेंडू टिकाऊ बनवलेले असतात, जोमदार नसतात, शिवाय झिजलेले असतात. काही यंत्रांत ‘सरावाचा चेंडू’ असा पर्याय निवडला की ते हिशेबात भर घालून चांगल्या चेंडूचे अंतर दाखवतात. तो पर्याय चालू असताना तुम्ही चांगलाच चेंडू मारत असाल, तर आकडा फुकट फुगतो. तिसरे कारण निवडीचे. १५२ डोक्यात ठेवून १३५ च्या ध्वजाला सात नंबर घेतला की तो आरामात जाईल असे वाटते आणि हात आपोआप सैल पडतो. ध्वज १३५ वर असेल, समोर बंकर असेल, ग्रीन थोडे चढावर असेल, तर तुमच्या दहापैकी तीन-चार फटके अलीकडे पडणारच. सहा नंबर घ्या. त्यात कमीपणा कसला?

कमीपणाचा विषय निघालाच आहे, तर तुलनेबद्दलही बोलून घेऊ. दूरचित्रवाणीवरच्या पुरुष खेळाडूंशी आपले आकडे ताडून पाहणे हा निराश होण्याचा खात्रीशीर मार्ग आहे. ट्रॅकमनने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीनुसार अमेरिकेच्या पीजीए टूरवरचा पुरुष खेळाडू सात नंबरचा क्लब ताशी ९० मैलांनी फिरवतो आणि त्याची कॅरी १७२ यार्ड असते. महिलांच्या एलपीजीए टूरवर हेच आकडे ७६ मैल आणि १४१ यार्ड. तुमच्या क्लबचा वेग ७६ असेल तर तुमची खरी शाळा दुसरी. तिथे तुमच्याइतक्याच वेगातून चेंडूला ताशी १०४ मैल मिळतात, चेंडू १९ अंशांनी उठतो आणि ग्रीनवर ४७ अंशांच्या तीव्र उताराने उतरतो, म्हणून टप्पा पडल्यावर थांबतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. तिथल्या लांब मारणाऱ्यांत तिची गणना होत नव्हती.

उतरण्याचा हा कोन फार कोणी पाहत नाही, आणि मला तो अंतराइतकाच महत्त्वाचा वाटतो. हल्ली कंपन्या सात नंबरच्या आयर्नचा फेस पूर्वीपेक्षा उभा करून विकतात. जुन्या पद्धतीच्या सात नंबरचा कल ३४-३५ अंश असे, आता तो २८-३० अंशांचाही सापडतो. म्हणजे पूर्वीच्या सहा किंवा पाच नंबरवर सातचा आकडा कोरला. अंतर वाढते, ग्राहक खूश होतो. पण चेंडू खालून गेला, फिरकी कमी झाली आणि चाळीस अंशांनी ग्रीनवर उतरला, तर तो पलीकडे घरंगळत जातो. नवा सेट घेताना दुकानातला माणूस कॅरी दाखवेल. तुम्ही उतरण्याचा कोन विचारा. आयर्नसाठी तो ४५ अंशांच्या वर असावा.

ड्रायव्हरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, म्हणून एकच मुद्दा. तिथे ‘अटॅक अँगल’ पाहा, म्हणजे चेंडूला लागताना क्लब खाली येत होता की वर जात होता. पुरुष व्यावसायिकांचा तो किंचित उणे असतो, कारण त्यांच्याकडे वेगाची श्रीमंती आहे. ताशी ९० मैलांच्या आसपास क्लब फिरवणाऱ्याने चेंडू टीवर थोडा उंच ठेवून क्लब चार-पाच अंश वर जाताना मारला, तर जास्त ताकद न लावता दहाएक यार्डांची भर पडू शकते.

राहिला प्रश्न सरावाचा. पहिले दहा-पंधरा फटके अंग मोकळे होण्यासाठी मारा, त्यांची नोंद ठेवू नका. नंतर एका दिवशी एकच प्रश्न घ्या. ‘माझी सात नंबरची कॅरी किती पसरते?’ हा एक प्रश्न झाला. ‘पाच नंबर खरोखर सहा नंबरपेक्षा लांब जातो का?’ हा दुसरा. पुष्कळांचा जात नाही, आणि मग तो पाच नंबर पिशवीत उगाच वजन वाढवत असतो, त्याऐवजी हायब्रिड घ्यावा. प्रश्नाला लागतील तेवढे दोन-तीन आकडेच पडद्यावर ठेवा, बाकीचे लपवा. बहुतेक यंत्रांत ती सोय असते. आणि फटका मारल्यावर लगेच मोबाइलकडे वळू नका. आधी स्वतःशी म्हणा, ‘हा १३० गेला असेल, थोडा टोकाला लागला.’ मग पाहा. तुमचा अंदाज आणि आकडा जवळ येऊ लागले की यंत्राचा खरा फायदा झाला, कारण स्पर्धेच्या दिवशी बरोबर येणार आहे तो तुमचा अंदाज. प्रत्येक हालचालीनंतर लगेच निकाल मिळत गेला की शिकणारा त्या निकालावरच विसंबतो, हे हालचाली कशा शिकल्या जातात याचा अभ्यास करणाऱ्यांनी बऱ्याच पूर्वी दाखवून दिले आहे.

प्रश्न : मी उजव्या हाताने खेळतो. ड्रायव्हरने मारलेला चेंडू थोडा डावीकडे निघतो आणि मग उजवीकडे वळून झाडीत जातो. यंत्र मात्र फेसचा कोन उणे १ अंश, म्हणजे फेस डावीकडे बंद, असा दाखवते. फेस बंद असेल तर चेंडू उजवीकडे कसा वळेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : फेस बंद आहे तो लक्ष्याच्या मानाने. वळण ठरते ते क्लबच्या वाटेच्या मानाने. त्याच ओळीत ‘क्लब पाथ’ पाहा. तो उणे ५ च्या आसपास निघेल अशी माझी अटकळ आहे.

कॅरममध्ये स्ट्रायकर कोणत्या दिशेने आला यापेक्षा तो सोंगटीला कोणत्या बाजूला टेकला यावर सोंगटीची दिशा ठरते. गोल्फमध्येही तसेच, चेंडू निघतो तो मुख्यतः फेस जिकडे पाहत असेल तिकडे. ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के वाटा फेसचा, उरलेला वाटेचा. आयर्नला फेसचा वाटा ७५ टक्क्यांच्या आसपास. कित्येक वर्षे प्रशिक्षक याच्या बरोबर उलट शिकवत होते : चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि शेवटी फेसच्या दिशेला जातो. रडारने मोजायला सुरुवात केल्यावर ते मागे पडले. अजूनही जुन्या पुस्तकांत ते सापडते.

तुमच्या फटक्यात क्लब ५ अंश डावीकडे चालला होता आणि फेस १ अंश डावीकडे पाहत होता. लक्ष्याच्या मानाने तो बंद खरा, पण स्वतःच्या वाटेच्या मानाने ४ अंश उघडा. म्हणून चेंडू किंचित डावीकडे निघाला आणि फिरकीचा अक्ष उजवीकडे कलल्याने उजवीकडे वळला. अक्ष एकच असतो हे लक्षात ठेवा. मागे फिरणारी फिरकी वेगळी आणि बाजूला फिरणारी वेगळी, असे दोन प्रकार चेंडूवर एकाच वेळी चढलेले नसतात.

यातून एक सापळा तयार होतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून माणूस आणखी डावीकडे मारू लागतो. वाट उणे ५ ची उणे ८ होते, फेस तिथेच राहतो, फरक ७ अंशांचा होतो आणि स्लाइस वाढते. तुम्हाला सुधारायची आहे ती वाट, शून्याच्या जवळ आणायची. फेसला सध्या हात लावू नका.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. फेस आणि वाट एक सांगतात आणि चेंडू भलतेच करतो असे दिसले, तर फेसच्या टोकाचा किंवा टाचेचा संशय घ्या. ड्रायव्हरचा चेंडू टोकाला लागला की डोके किंचित फिरते, आणि गिअरचे दात एकमेकांना उलटे फिरवतात तसे चेंडूला डावीकडे वळवणारी फिरकी मिळते. टाचेला लागला तर उजवीकडची. पावडरचा उपाय वर दिलाच आहे. दुसरे असे की यंत्र स्वतःच लक्ष्याकडे नीट रोखलेले आहे ना? ते ३ अंश तिरके ठेवले गेले तर दिशेचे सगळे आकडे ३ अंशांनी खोटे ठरतात, आणि ३ अंश म्हणजे २०० यार्डांवर साडेदहा यार्ड. जमिनीवर एक दोरी ताणून यंत्र, चेंडू आणि लक्ष्य एका रेषेत आणा. पाच मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : चेंबूरच्या मैदानावर खेळतो. पुण्याचा मित्र म्हणतो, मुंबईची दमट हवा जड, म्हणून चेंडू अडतो. खरे का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : मित्राचा अनुभव खरा, कारण चुकीचे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. पाण्याच्या वाफेच्या रेणूचे वजन १८, तर ती ज्यांची जागा घेते त्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंचे २८ आणि ३२. अर्थात चेंडूच्या अंतरावर याचा परिणाम नगण्यच.

खरा फरक उंचीचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, चेंबूर जवळपास समुद्रालगत. दर हजार फूट उंचीमागे अंतर सव्वा टक्क्याच्या आतबाहेर वाढते असा ठोकताळा आहे. त्यानुसार पुण्यात दोनेक टक्के जास्त, म्हणजे १४० चे १४३ आणि ड्रायव्हरच्या २०० चे २०४. पावसाळ्यात याहून मोठा फटका बसतो तो ओल्या जमिनीचा, कारण टप्पा पडल्यावर चेंडू तिथेच रुतून बसतो. यंत्रात उंची आणि तापमान भरण्याची जागा असते. ती बहुतेक जण रिकामी सोडतात आणि मग यंत्र आपल्या मनाने समुद्रसपाटी धरते. मुंबईकरांचे त्यात काही बिघडत नाही, पुणेकरांनी मात्र ते बदलून घ्यावे.

या विषयावर आणखी पत्रे येतील असे दिसते. पाठवताना केवळ अंतर लिहू नका. एका क्लबचे सलग दहा फटके, वाईट धरून, प्रत्येकाचा चेंडूचा वेग, क्लबचा वेग, उठण्याचा कोन आणि कॅरी कळवा. शिवाय यंत्र रडारचे की कॅमेऱ्याचे, जाळी किती फुटांवर आहे आणि चेंडू कोणता, हेही लिहा. एवढे असेल तर उत्तर देता येते.